मागच्या दाराची शेती : रबाळे परिसरातील परसबागेचा अभ्यास

शेतकऱ्याची शेती दोन ठिकाणी असते. एक शिवारात आणि दुसरी घराच्या मागच्या दाराशी. पहिलीची नोंद सात-बाराच्या उताऱ्यात होते, तिचे क्षेत्र मोजले जाते व पीकपाहणीही होते. दुसरीची नोंद कोठेच नसते. परंतु घरातील माणसांच्या ताटात जी भाजी पडते, ती पुष्कळ वेळा या दुसऱ्या शेतीतूनच आलेली असते. कोकणात या जागेस परसू किंवा परडे म्हणतात आणि तेथील लागवडीस परसबाग.

परसबाग म्हणजे फावल्या वेळची हौस, असा समज हल्ली रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. जुनी परसबाग ही पाणी, खत, बी व राबता हात या चार गोष्टींची एक साखळी होती. ती कशी चालत होती, कोठे तुटली आणि आज पुन्हा कशी जोडता येईल, याचा विचार या पाठात केला आहे. उदाहरणासाठी ठाणे जिल्ह्यातील रबाळे व त्याच्या आसपासची खाडीकाठची गावे घेतली आहेत. कारण शिवार गेल्यावर परसबागेचे काय होते, हे या गावांत स्पष्ट दिसते.

रबाळ्याची जमीन व तिचा इतिहास

रबाळे हे ठाणे खाडीच्या पूर्व बाजूस, ऐरोली व घणसोली यांच्या दरम्यान वसलेले गाव आहे. पूर्वेस पारसिकच्या डोंगराची रांग आणि पश्चिमेस खाडी, अशा अरुंद पट्ट्यात ही गावे आहेत. डोंगराच्या पायथ्याची जमीन मुरमाड व निचऱ्याची, तर खाडीकडील जमीन चिकण व खारी. या भागात पाऊस सरासरी सुमारे २५०० मिलिमीटर पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने कोरडे जातात.

येथील वस्ती मुख्यतः आगरी व कोळी समाजाची. भातशेती, मिठागरे व मासेमारी ही त्यांची उपजीविका होती. खाचरात भात, बांधावर तूर किंवा वाल, खाडीत मासळी आणि परसवात भाजी, असा घरचा संसार चाले. धान्य व मासळी यांच्या जोडीला लागणारा पाला व फळभाजी बाजारातून आणण्याची क्वचितच गरज पडे.

१९६० नंतरच्या काळात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे धोरण आले. १९९२ पासून रबाळे नवी मुंबई महानगरपालिकेत आहे.

या सर्व घडामोडीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संपादन झाले ते शिवाराचे. गावठाण, म्हणजे घरे व त्यांच्या लगतची मोकळी जागा, गावकऱ्यांकडेच राहिली. तरीही पुढील एका पिढीतच बहुतेक परसवे नाहीशी झाली. शेत गेले ते संपादनाने. मग परसू कशाने गेले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जुनी परसबाग कशी चालत होती हे प्रथम पाहिले पाहिजे.

जुन्या परसबागेचे चार आधार

पहिला आधार पाण्याचा. परसबागेसाठी वेगळे पाणी काढण्याची पद्धत नव्हती. मोरीचे व न्हाणीचे पाणी चरातून परसवात सोडले जाई. मोरीच्या तोंडाशी अळू, त्यापुढे केळी आणि त्यापलीकडे नारळ किंवा कर्दळ, असा क्रम बहुतेक घरी असे. हा क्रम विचारपूर्वक आहे. अळवाला पायाशी सतत ओल लागते व साचलेले पाणीही ते सोसते. केळ भरपूर पाणी पिते. आणि उरलेसुरले पाणी नारळाची मुळे शोषून घेतात. त्यायोगे सांडपाण्याची विल्हेवाट लागे व भर उन्हाळ्यातही घरात एक पालेभाजी कायम राही.

दुसरा आधार खताचा. भाताच्या शेतीमुळे पेंढा मिळे, पेंढ्यामुळे गुरे पोसली जात आणि गुरांमुळे शेण मिळे. शेणाचा मोठा वाटा खाचराला व राबाला जाई, परंतु गोठा परसवाच्या कडेलाच असल्याने गोमूत्र व गोठ्यातील झाडलोट आपोआप वेलांच्या आळ्यांत येई. चुलीतील राख हीही फुकट जात नसे. राखेत पालाश असते आणि पानांवर धुरळल्यास भोपळवर्गीय वेलांवरील तांबडे भुंगेरे काही अंशी दूर राहतात.

तिसरा आधार बियांचा. पडवळ, शिराळे, घोसाळे, दुधी, काकडी, लाल माठ, वाल यांचे बी घरची स्त्री स्वतः राखीत असे. चांगले पोसलेले पहिल्या तोडीचे फळ दोरा बांधून वेलावरच पिकू द्यावयाचे, वाळल्यावर चुलीवरील धुराच्या जागी टांगावयाचे आणि पेरणीच्या वेळीच फोडावयाचे, अशी रीत होती. धुरामुळे कीड लागत नसे व दमट हवेपासून बियांचे रक्षण होई. वालाचे बी कोरड्या राखेत मिसळून मडक्यात भरून ठेवीत. लग्न होऊन आलेली मुलगी माहेरचे बी बरोबर आणी व शेजारणी आपसात बियांची देवघेव करीत. अशा रीतीने एकेका गावातील जात त्या गावच्या मातीस व पावसास जुळत गेली.

चौथा आधार राबत्या हाताचा. मागच्या दाराने बाहेर पडताना, भांडी घासून परतताना, पाणी भरताना परसवावर सहज नजर जाई. कीड दिसली की ती तेव्हाच वेचली जाई, तण दिसले की उपटले जाई. परसबागेस स्वतंत्र मजुरी लागत नसे, कारण ती घरकामाच्या वाटेवर होती.

पावसाचे पंचांग

या पट्ट्यात परसबागेचा मुख्य हंगाम पावसाळा होता. रोहिणी नक्षत्रात आळी खणून त्यांत शेणखत भरीत व मृगाच्या पहिल्या सरींनंतर वेलांचे बी टोचीत. खाऱ्या जमिनीच्या बाबतीत यास विशेष महत्त्व आहे. उन्हाळ्यात जमिनीतील पाणी वर चढते व बाष्प होऊन जाते. त्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर साठतात. पहिल्या जोरदार पावसाने ते धुऊन जातात. म्हणून खाडीलगतच्या परसवात एकदोन जोरदार सरी कोसळून गेल्यावरच बी टाकणे हितावह असते.

श्रावणात मांडव भरून येई आणि भाद्रपदात तो पुरा लागे. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, जी भाजी केली जाते ती या हंगामाची साक्षच होय. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न खावयाचे नाही, असा नेम आहे. नांगराच्या शेतातले काही चालत नसल्याने जे उरते ते परसवातले. अळू, लाल माठ, भोपळा, शिराळे, पडवळ, भेंडी, काकडी, मक्याची कणसे, सुरण हे सर्व एकत्र शिजवितात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास एखाद्या गावाची जुनी परसबाग कशी होती हे जाणून घ्यावयाचे असल्यास त्याने तेथील वयोवृद्ध स्त्रीस ऋषिपंचमीच्या भाजीत काय काय पडत असे, एवढेच विचारावे. पिकांची यादी तयार मिळेल.

पाऊस संपल्यावर आश्विन-कार्तिकात जमिनीतील ओलीवर मुळा, माठ, कोथिंबीर व वाल होई. उन्हाळ्यात परसवाचा पसारा आपोआप आवरला जाई. मोरीच्या पाण्यावर जगणारे अळू व केळी, दहापाच मिरचीची झाडे, शेवगा व कढीपत्ता एवढेच हिरवे राही. या काळासाठी कारल्याच्या व काकडीच्या काचऱ्या, कोहळ्याचे सांडगे व सुके वाल साठविलेले असत.

साखळी कशी तुटली

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिवार गेल्यावर भात गेले. भात गेल्यावर पेंढा गेला व पेंढ्यावाचून गुरे ठेवणे परवडेना. गोठा रिकामा झाला आणि परसवाचे खत थांबले. नळ व भुयारी गटारे आल्यावर मोरीचे पाणी गटारात जाऊ लागले. स्वच्छतेच्या दृष्टीने ही सुधारणा आवश्यक होती, परंतु तिच्यामुळे परसवाचे पाणी तुटले. चुलीच्या जागी गॅस आला, तेव्हा राख गेली व बियांना धूर देणारी जागाही गेली. घरातील पुरुष व स्त्रिया नोकरी-व्यवसायासाठी बाहेर पडू लागल्या. अशा स्थितीत मागची जागा रिकामी पडली. पुढे शहरातील भाड्याच्या खोल्यांची मागणी वाढल्यावर त्या रिकाम्या जागेवर खोल्या उभ्या राहिल्या. जमीन गमावलेल्या कुटुंबास भाड्याचे उत्पन्न हा मोठा आधार होता. त्याबद्दल त्यास दोष देता येणार नाही.

यावरून असे दिसते की परसबाग जागेच्या अभावी मेली नाही. प्रथम तिचे आधार एकेक करून गेले व जागा सर्वांत शेवटी गेली. मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीची वाशी येथील घाऊक भाजी बाजारपेठ रबाळ्यापासून काही किलोमीटरवर आहे. भाजीचा तुटवडा कोठेच नाही. तरीही जे अळू मोरीच्या तोंडाशी फुकट येत होते, त्याची जुडी आज विकत आणावी लागते आणि महागाईच्या आठवड्यात ती आणलीच जात नाही.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार साधारण प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात पालेभाज्यांसह सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत. पाच माणसांच्या घरास या हिशेबाने रोज सुमारे दोन किलो भाजी लागेल. विकत घेणारे कुटुंब एवढी भाजी क्वचितच घेते. काटकसर करावयाची झाली की प्रथम पालेभाजीवर करतात आणि तिची झळ स्त्रियांना व मुलांना अधिक लागते.

या गोष्टी केवळ रबाळ्यापुरत्या नाहीत. रस्ते, रेल्वे, विमानतळ व कारखाने यांमुळे कोकणातील व घाटावरील अनेक गावे याच वाटेने चालली आहेत. ज्या गावांत परसू अद्याप शाबूत आहे, तेथे हा पाठ आधीच लक्षात घेतला तर नुकसान टाळता येईल.

इतर प्रदेशांतील दाखले

युरोपातील आल्प्स पर्वताच्या प्रदेशात, विशेषतः ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमध्ये, शेतकऱ्यांच्या घरालगत अशाच बागा परंपरेने आहेत. तेथील अडचण आपल्या उलट आहे. आपल्याकडे आठ महिने पाणी नसते, तर तेथे वर्षाचा मोठा भाग थंडी व हिम असते. म्हणून ही बाग घराच्या उन्हाच्या बाजूस करतात, तिला लाकडी कुंपण घालून कोंबड्या व जनावरे बाहेर ठेवतात, गोठ्याचे खत घालतात आणि कोबी, कांदा, घेवडा यांच्या जोडीला औषधी वनस्पती व फुले लावतात. मे महिन्याच्या मध्यास येणारे विशिष्ट संतांचे दिवस उलटेपर्यंत नाजूक रोपे बाहेर लावू नयेत, कारण तोवर हिमाची भीती असते, असा तेथील जुना ठोकताळा आहे. आपल्या मृगाच्या ठोकताळ्यासारखाच तो आहे. ही बागही मुख्यतः घरच्या स्त्रीच्या हाती असते. हवामान कितीही भिन्न असो, घर, गोठा व बाग यांची साखळी सर्वत्र सारखीच आढळते.

दुसरा दाखला आपल्याच सह्याद्रीतील आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे डोंगराळ भागातील गाव आहे. तेथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरी वाल व इतर भाज्यांचे अनेक गावठी वाण राखले, त्यांची बियाणे बँक उभारली व इतर स्त्रियांस बी दिले. बाएफ या संस्थेचे त्यांस साहाय्य झाले. २०२० साली त्यांस पद्मश्री हा किताब जाहीर झाला. त्यांच्या कामाचा पाया कोणतेही मोठे यंत्र किंवा भांडवल नसून परसू व तेथे राखलेले बी हाच आहे.

एक गुंठ्याच्या परसबागेची आखणी

ज्या घरामागे एक गुंठा, म्हणजे सुमारे ३३ फूट लांब व तेवढीच रुंद जागा आहे, त्यांनी पुढीलप्रमाणे आखणी करावी.

१. उंच झाडे उत्तरेच्या कडेस लावावीत, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर पडणार नाही. एक शेवगा, दोन पपया व एक कढीपत्ता पुरेसे आहेत. शेवग्याचा पाला ही उत्तम पालेभाजी आहे. झाड दरवर्षी छाटून माणसाच्या हाताला येईल एवढेच ठेवावे.

२. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर अळू व दोनतीन केळी लावाव्यात. पाच माणसांच्या घरात माणशी २० लिटर धरले तरी रोज १०० लिटर पाणी मिळते. हे पाणी प्रथम दोन फूट खोल, खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यातून जाऊ द्यावे. ते कोठेही साचू देऊ नये, नाहीतर डास होतात. शौचालयाचे पाणी या वाटेवर कदापि आणू नये. कपडे धुण्याचे तीव्र सोड्याचे किंवा जंतुनाशक घातलेले पाणी वेगळे काढावे. तसेच मोरीचे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस देऊ नये.

३. मांडव सहा फूट उंच करावा. त्याच्या कडेने एक फूट लांब, रुंद व खोल अशी आळी खणावीत व प्रत्येकात एक पाटी कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मातीत मिसळून भरावे. दोन आळी पडवळाची, दोन शिराळ्याची, दोन कारल्याची व एक दुधीचे असावे. प्रत्येक आळ्यात तीनचार बिया टोचून पुढे दोनच जोमदार रोपे ठेवावीत. बी राखावयाचे असल्यास पिकांची नावे वाढविण्यापेक्षा प्रत्येकाचा एकच वाण ठेवावा.

४. उरलेल्या जागेत तीन फूट रुंद व दहा फूट लांब वाफे करावेत. पावसाळ्यात ते सहा ते आठ इंच उंच असावेत, म्हणजे पाणी निचरून जाईल. एका वाफ्यात भेंडी, एकात वांगी व मिरची, एकात लाल माठ व दुसऱ्या पालेभाज्या घ्याव्यात. पालेभाजीचे बी एकाच दिवशी न टाकता पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे टाकावे, म्हणजे भाजी सतत मिळत राहील.

५. कुंपणालगत आले, हळद, गवती चहा व सुरण लावावा. ही पिके अर्धवट सावली सोसतात.

६. गुरे नसतील तर स्वयंपाकघरातील साली, देठ व पालापाचोळा यांचे कंपोस्ट करावे. अतिपावसाच्या प्रदेशात खड्ड्यात पाणी भरून खत सडते. म्हणून पावसाळ्यात ढीग जमिनीच्या वर, छपराखाली करावा. ओला कचरा व सुका पाला आलटून पालटून थर घालून टाकल्यास दुर्गंधी येत नाही.

७. वेलवर्गीय फळांत फळमाशीचा उपद्रव होतो. डंख लागून गळालेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत. ती तशीच पडू दिल्यास माशीची पुढील पिढी तेथेच तयार होते. कोवळ्या फळांना कागदी पिशवी बांधावी व फळमाशीचा कामगंध सापळा लावावा. मावा व लहान अळ्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे दहा लिटर पाण्यास अर्धा किलो निंबोळ्यांच्या चुऱ्याचा अर्क, फवारावा.

दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाने कोकणच्या हवामानासाठी कारल्याची ‘कोकण तारा’, शिराळ्याची ‘कोकण हरिता’, पडवळाची ‘कोकण श्वेता’, वालाची ‘कोकण भूषण’ व अळवाची ‘कोकण हरितपर्णी’ या जाती दिल्या आहेत. ज्या घरी गावठी बी उरलेले नाही, त्यांनी या जातींपासून आरंभ करावा. संकरित जातीचे बी मात्र राखून उपयोग नाही. त्यापासून पुढील वर्षी एकसारखी झाडे येत नाहीत.

जेथे परसू उरलेले नाही

रबाळ्यासारख्या दाट गावठाणात गुंठाभर जागा मिळणार नाही. तेथे गच्ची, ओटा किंवा दोन घरांमधील बोळ यांचा उपयोग करावा. एक फूट खोल कुंडी, पेटी किंवा पिंप यांत मिरची, वांगी, माठ, पुदिना व कोथिंबीर चांगली येते. पडवळ व कारल्यास मोठे पिंप व गच्चीवर दोरीचा मांडव पुरतो. मात्र ओली माती फार जड असते. जुन्या स्लॅबवर मधोमध भार न देता भिंती व तुळया यांच्या रेषेत पिंपे ठेवावीत आणि शंका असल्यास जाणकारास दाखवून घ्यावे. रोज किमान पाच तास ऊन मिळेल अशी जागा फळभाज्यांस द्यावी. कमी उन्हात अळू व पालेभाज्या घ्याव्यात.

शाळांच्या आवारातही ही बाग करता येते. केंद्र शासनाने २०१९ साली शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. ग्रामीण भागात ‘उमेद’ अभियानाने बचत गटांमार्फत पोषण परसबागांची मोहीम राबविली आहे. गावातील वृद्ध स्त्रियांस शाळेच्या बागेत मानाने बोलावल्यास मुलांना पुस्तकात नसलेली माहिती मिळेल.

एक महत्त्वाचा इशारा

कारखानदारीच्या परिसरातील परसबागेस एक नवा धोका आहे. जुन्या काळी ओढ्याचे पाणी निःशंकपणे वापरीत. आज औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या नाल्याचे पाणी भाजीस कधीही वापरू नये. त्यात शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात. ते मातीत साठून राहतात, पालेभाज्यांत व कंदमुळांत उतरतात आणि शिजविल्याने किंवा धुतल्याने जात नाहीत. भराव टाकलेली जमीन, भंगाराची जुनी जागा व रहदारीच्या रस्त्याची कड यांविषयीही सावध राहावे. अशा ठिकाणची माती व विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नेहमीच्या माती परीक्षणात जड धातूंची तपासणी होतेच असे नाही. ती वेगळी मागावी लागते. संशय असल्यास बाहेरून आणलेली चांगली माती भरून पेट्यांतच लागवड करावी.

बी राखण्याची रीत

वर सांगितलेल्या चार आधारांपैकी पाणी व खत ही पुन्हा उभी करता येतात. जागाही थोडीफार काढता येते. परंतु एखाद्या गावाचे बी एकदा नाहीसे झाले की ते पुन्हा निर्माण करता येत नाही. उगवणशक्ती टिकते ती थोडीच वर्षे. कपाटात विसरलेली पुरचुंडी दहा वर्षांनी उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून सर्वांत प्रथम बी शोधले पाहिजे.

बियांसाठी फळ निरोगी व जोमदार वेलावरील निवडावे. अखेरच्या तोडीची लहान फळे घेऊ नयेत. शिराळे व घोसाळे वेलावरच पूर्ण वाळू द्यावे. पडवळ व कारले पिकून रंग बदलल्यावर काढावे, बी धुऊन सावलीत वाळवावे व नंतर थोडे कोवळे ऊन द्यावे. पूर्ण वाळल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत कोरड्या राखेसह भरावे. बरणीवर पिकाचे नाव, घराचे नाव व साल लिहावे. पेरणीपूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. आठवड्याभरात सात किंवा अधिक उगवल्यास बी पेरणीस योग्य समजावे.

एकाच पिकाचे दोन वाण शेजारी असल्यास मधमाश्या व इतर कीटकांमुळे परागाची सरमिसळ होते. यास्तव गावात असे ठरवावे की एका घराने एक वाण राखावा व पावसाळ्यापूर्वी एकमेकांत वाटून घ्यावा. जुनी देवघेवीची रीत याच तत्त्वावर उभी होती. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क मान्य केला आहे.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने परसबागेचा विषय घेऊन गावात जाताना प्रथम रोपांचे वाटप करू नये. वाटलेली रोपे जून महिन्यात लागतात व डिसेंबरात वाळतात, कारण त्यांच्यामागे पाणी व खत यांची सोय झालेली नसते. प्रथम घराच्या मागील दाराशी उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात : मोरीचे पाणी कोठे जाते, स्वयंपाकघरातील ओला कचरा कोठे जातो, घरात कोणते बी आहे व रोज त्या वाटेने कोण जाते. ज्या घरी या चारांपैकी तीन गोष्टी जुळतात तेथून आरंभ करावा. हे काम घरातील स्त्रीशी बोलल्यावाचून होणार नाही. म्हणून स्त्री कार्यकर्त्यांस किंवा बचत गटांस बरोबर घ्यावे.

रबाळे परिसरात आजही जुन्या बायकांना पडवळाचे व वालाचे वाण ओळखता येतात. हे ज्ञान कोणत्याही संपादनात गेलेले नाही, परंतु ते फार काळ टिकणारही नाही. शिवार गेलेल्या गावास त्याचे शिवार परत देणे कृषि कार्यकर्त्याच्या हाती नसते. त्या गावच्या बियांची पुरचुंडी मात्र पुढील मृगापूर्वी शोधून काढणे त्याच्या हाती निश्चित आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. जुन्या परसबागेचे चार आधार कोणते? आपल्या गावात त्यांपैकी कोणता आधार प्रथम तुटला?
२. मोरीच्या पाण्यावर अळू, केळ व नारळ हा क्रम का ठेवीत असत?
३. खाऱ्या जमिनीत पहिल्या जोरदार पावसानंतरच बी का टाकावे?
४. आपल्या गावातील तीन वृद्ध स्त्रियांकडून ऋषिपंचमीच्या भाजीतील पिकांची यादी करावी व त्यांपैकी कोणत्या पिकांचे गावठी बी आज कोणाकडे आहे, ते नोंदवावे.